रोज पहाटे ध्यानाला बसते, पण काहीच होत नाही, असं म्हणणाऱ्या ताईंसाठी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उदगीरला राहता, घरी सासूबाई, दोन शाळकरी मुलं, मिस्टरांचं दुकान. दिवाळीपासून रोज पहाटे 20 मिनिटं श्वासाकडे लक्ष देऊन बसता. मन दोन मिनिटंही टिकत नाही, डावा पाय बधिर होतो, मधेच डुलकी लागते. ओळखीतल्या एका बाईंना डोळे मिटले की प्रकाश दिसतो, तुम्हाला काहीच दिसत नाही. म्हणून विचारलंय की आपलं काही चुकतंय का, जुन्या लोकांचा रोजचा क्रम कसा असतो, बसल्यावर वाटतं तरी काय, आणि दहा दिवसांच्या शिबिराला जावं का.

मी परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. बसायला लागून पंधरा वर्षं तरी झाली असतील. गुरू वगैरे नाही, पण जे रोज करतो त्याबद्दल खात्रीनं सांगू शकतो.

तुमचं काहीच चुकत नाहीये. मन श्वासावरून निघून जातं, आणि थोड्या वेळानं तुमच्या लक्षात येतं की अरे, आपण तर मुलांच्या डब्याचा विचार करत बसलोय. हे जे लक्षात येणं आहे ना, तेच ध्यान. त्यासाठीच बसायचं. गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या 26 व्या श्लोकात हेच आहे: चंचल मन जिथं जिथं जाईल, तिथून तिथून त्याला वळवून परत आणावं. मन जाणार, हे तिथं गृहीतच धरलंय. पुढं अर्जुन म्हणतो की हे तर वारा अडवण्याइतकं अवघड आहे, आणि कृष्ण त्याला नाही म्हणत नाही. अवघड आहे खरं, पण अभ्यासानं आणि वैराग्यानं जमतं, एवढंच सांगतो. तेव्हा 20 मिनिटांत मन तीस वेळा गेलं आणि तीस वेळा तुम्ही ते आणलं, तर त्या दिवशी तुमचा तीस वेळा अभ्यास झाला. फक्त परत आणताना स्वतःवर चिडू नका. चिडचिड झाली की तिचाच दुसरा विचार सुरू होतो आणि श्वास राहतो बाजूला.

आता क्रम. मी साडेचारला उठतो, तोंड धुतो, घोटभर कोमट पाणी पितो. चहा नंतर. आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर सतरंजी, आणि तिच्यावर आईच्या हातची जुनी वाकळ चौघडी घालून फक्त बुडाखाली घेतो. गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत, मग पाठ आपोआप सरळ राहते, ताठून धरावी लागत नाही. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून त्यावर गजर लावतो, म्हणजे किती वाजले ते बघायला डोळे उघडावे लागत नाहीत. पहिली काही मिनिटं श्वास सोडला की आकडा, एक ते दहा, आणि पुन्हा एक. मधे आकडा चुकला किंवा चौदा-पंधरावर पोचलो तर पुन्हा एकपासून. घाई थोडी कमी झाली की आकडे सोडून देतो आणि नाकपुड्यांच्या आत, वरच्या ओठाच्या वर, श्वास जिथं लागतो तिथं लक्ष ठेवतो. अर्धा तास बसतो. पेरणीच्या दिवसांत दुकान सकाळी लवकर उघडावं लागतं, तेव्हा दहाच मिनिटं. पण जागा आणि वेळ तीच. नळाला पाणी यायचा दिवस असेल तेव्हा तुम्हीही खुशाल दहा मिनिटं बसा. वेळ कमी झाला तर बिघडत नाही. बसायचं की नाही हा विचार रोज नव्यानं करावा लागला, तर मात्र चार दिवसांत मोडतं.

श्वास नेमका कसा लागतो यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या मराठवाड्यात ऋतूप्रमाणे ते बदलतं. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा दहाच्या खाली उतरतो. तेव्हा आत येणारा श्वास नाकात थंडगार टोचतो आणि बाहेर जाणारा उबदार लागतो. शोधावाच लागत नाही. मे महिन्यात मात्र दुपारी 42-43 अंश तापलेल्या भिंती पहाटेपर्यंत निवत नाहीत. खोलीतली हवा कोमट, बाहेर पडणारा श्वासही कोमट. थंड-गरम हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि माणसाला वाटतं, आपलं लक्ष कमी पडतंय. तेव्हा दुसरा फरक बघायचा: आत येणारी हवा कोरडी असते, बाहेर जाणारी ओलसर. आधी कळत नाही, मग एकदा उजव्या नाकपुडीच्या कडेला कळतो, आणि एकदा कळला की पुढं सापडत राहतो. बहुतेक वेळा एका नाकपुडीतून हवा जास्त चालते आणि काही तासांनी बाजू बदलते, हेही असंच बसून बसून लक्षात येतं. तुम्ही दिवाळीपासून थंडीत शिकलात, आता उन्हाळ्यात सगळं गेलं असं वाटेल. तेव्हा घाबरू नका. कोरडं-ओलं नाहीच सापडलं तर हात पोटावर ठेवा आणि पोट वर-खाली होतं तिकडं लक्ष द्या.

श्वास मुद्दाम लांबवू नका. तो आपोआप लांबतो. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते आणि घेताना किंचित वाढते. निवांत बसून मनगटावर बोट ठेवलंत तर कळेल. सोडायचा श्वास लांबला की अंग सैल पडतं ते त्यामुळंच.

पाय बधिर होणं म्हणजे रक्त थांबलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा नस दाबली गेलेली असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक हाड हाताला लागतं; त्याला वळसा घालून एक नस अगदी कातडीजवळून जाते. मांडी घट्ट घातली की नेमकी तिथं दाब येतो. पाय एकावर एक न ठेवता एकापुढं एक ठेवा, वाकळीची घडी वाढवा. तरी मुंग्या आल्याच तर हळूच पाय मोकळा करा, आणि करतानाही काय काय वाटतंय ते बघा. गुडघ्यात कळ मारत असेल तर सरळ खुर्चीवर बसा. खुर्चीवरचं ध्यान कमी प्रतीचं नसतं.

डुलकी लागते त्याचं खरं कारण बहुधा अपुरी झोप. रात्री अकराला भांडी आवरून झोपणारी बाई साडेचारला उठली तर डुलणारच. अर्धा तास उशिरा उठा, किंवा डोळे अर्धवट उघडे ठेवून पुढच्या फरशीकडे बघा, किंवा उठून गच्चीवर हळूहळू चाला आणि पाऊल टेकलं-उचललं एवढंच बघा. चालतानाही ध्यान होतं. जेवणानंतर लगेच मात्र बसू नका, भाकरी पोटात गेली की सगळेच पेंगतात.

वाटतं काय? सुरुवातीची काही मिनिटं लांबलचक वाटतात. नाकाला खाज, पाठीत उसण, कुणाला तरी फोन करायचा राहिला याची आठवण. मग कधी कधी हात कुठं आहेत तेच कळेनासं होतं. एकच स्पर्श सतत होत राहिला की शरीर त्याची दखल घेणं थांबवतं, म्हणून तसं होतं. अंग कलल्यासारखं, मोठं झाल्यासारखं वाटतं. मिटल्या डोळ्यांपुढं ठिपके, रंग, उजेड दिसतो. अंधारातही दृष्टीचा मेंदू काम करतच असतो. एखाद्या दिवशी कारण नसताना डोळ्यांत पाणी येतं. यातलं काहीही झालं तर होऊ द्या, आणि नाही झालं तर त्याची वाट बघू नका. त्या बाईंना प्रकाश दिसतो हे खरं असेल, पण त्यामुळं त्या पुढं आणि तुम्ही मागं असं काही ठरत नाही. प्रकाशाच्या मागं लागलेली माणसं मी पाहिलीत, दिसेनासा झाला की बसणंच सोडतात.

फरक पडतो तो उठल्यानंतर, आणि तोही ध्यानीमनी नसताना. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या. माझ्याकडूनही बॅगा गेल्या होत्या. एक जुने गिऱ्हाईक सकाळीच दुकानात आले, हातात तासातून उकरून आणलेलं बियाणं, फुगून कुजलेलं, मातीसकट. त्यांनी ते काउंटरवर ओतलं आणि चारचौघांत मला वाट्टेल ते बोलायला लागले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या, दाढा आवळल्या गेल्या, ‘बियाणं काय मी तयार करतो का’ हे वाक्य पार जिभेवर आलं, आणि हे सगळं मला होताना कळत होतं. राग आलाच. पण कळण्यात आणि बोलण्यात एका श्वासाएवढी जागा सापडली. मी त्यांना बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, बॅगेचा लॉट नंबर पावतीवरून काढला आणि कृषी कार्यालयात द्यायचा तक्रार अर्ज तिथंच लिहायला घेतला. तो अर्ज लिहिताना माझा हात थरथरत होता. ध्यान केलं की माणूस थंड दगड होतो असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

सासूबाई संध्याकाळी हरिपाठ म्हणतात आणि ‘हे डोळे मिटून बसायचं काय खूळ’ म्हणतात, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या शेजारी जाऊन बसा. ज्ञानोबांचं आपेगाव, नाथांचं पैठण, नामदेवांचं नर्सी, हा सगळा आपलाच मुलूख. नाम घेता घेता मन गेलं आणि ओळ चुकली की जीभ लगेच अडखळते; तिथंही परत येणंच आहे. आणि श्वासाकडं बघणं हेही काही इकडं परकं नाही. वेरूळ-अजिंठ्याच्या विहारांत भिक्खूंच्या राहण्याच्या लहान लहान खोल्या आहेत, आणि बुद्धांनी शिकवलेलं आनापान म्हणजे हेच, श्वासाची जाणीव. मला सकाळी श्वास आणि संध्याकाळी नाम दोन्ही जमतं.

शिबिराचं. सत्यनारायण गोयंकांनी 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात येऊन विपश्यनेची, म्हणजे अंगातल्या संवेदना शांतपणे बघत राहण्याच्या ध्यानाची, शिबिरं सुरू केली, इगतपुरीचं केंद्र 1976 पासूनचं. राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर चालतं. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, नऊ दिवस मौन, मोबाइल जमा. आधीचे तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना. मला त्याचा फार उपयोग झाला. पण तुम्ही आत्ताच जाऊ नका असं मी म्हणेन. धाकटा पहिलीत आहे, त्याच्या आठवणीत दहा दिवस काढण्यापेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीत तो मामाकडं राहील तेव्हा जा. आणि एक अगदी महत्त्वाचं: नैराश्य, झटके, पूर्वीचा एखादा मोठा आघात, किंवा मनाच्या आजाराची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिबिराच्या अर्जात काहीही लपवू नका. तासन् तास गप्प बसल्यावर काहींचा त्रास वाढतो, हे खरं आहे. घरी बसतानाही छाती भरून येणं, भीती वाटणं, रात्रीची झोप उडणं असं होऊ लागलं तर बसणं थांबवा, कुणाशी तरी बोला. अशा वेळी जोर लावून बसण्यात काही मोठेपणा नाही.

तोवर पहिला बदल एवढाच करा: उद्या बुडाखाली वाकळीची घडी उंच घ्या आणि गुडघ्यांखाली फक्त सतरंजी ठेवा. पायाचं काय होतं ते आठवड्यानं इथंच कळवा.