ती काही घेत तर नाही ना?

मुलगी खेळात पुढे जायला लागली की आईवडील माझ्याकडे सहसा दोन प्रश्न घेऊन येतात. पहिला अभ्यासाचा. दुसरा अलीकडे जास्त यायला लागलाय आणि तो विचारण्याआधी खोलीचं दार नीट लागलंय ना, हे बघितलं जातं. "ती काही घेत तर नसेल ना?"

सोलापुरातल्याच एका घराची ही हकिकत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळते. मुलगी सतरा वर्षांची, अकरावीत, आठशे मीटर पळते. मागच्या हंगामात तिचं टायमिंग होतं २ मिनिटं २४ सेकंद, या हंगामात २ मिनिटं १६. आठशे मीटरला आठ सेकंद म्हणजे फार झालं. विभागीय स्पर्धेत पहिली आली तेव्हा गल्लीत पेढे वाटले, आणि पेढे संपायच्या आत कुजबूज सुरू झाली.

"लोक काय काय बोलायलेत ओ मॅडम," वडील म्हणाले. "इंजेक्शन घेती म्हणं. मी तिची सॅक तपासली. काय सापडलं नाही. पण मनातनं जाईना."

मुलगी शेजारीच बसली होती. तिनं एवढंच सांगितलं, "मला कळलं होतं. टॉवेलची घडी घातलेली होती, स्पाइक्स पिशवीत होते. माझी सॅक एवढी नीट कधीच नसते." तेव्हापासून ती वडिलांशी कामापुरतंच बोलत होती आणि पाय दुखतोय म्हणून सरावाला जात नव्हती. पाय दुखत नव्हता, हे आईलाही ठाऊक होतं.

वडिलांनी तोडगा काढूनच ठेवला होता. पैसे लागू देत, कुठल्या तरी लॅबमध्ये तपासणी करून घ्यायची, सर्टिफिकेट आणायचं आणि एकेकाच्या तोंडावर मारायचं. असं करता येत नाही, हे त्यांना समजावून सांगायला बराच वेळ लागला. डोपिंगची, म्हणजे खेळाडूनं बंदी असलेलं औषध घेतलंय का याची, अधिकृत तपासणी आपण दार ठोठावून करून घ्यायची नसते. ‘नाडा’ म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेची माणसं येतात, स्पर्धेत किंवा सरावाच्या वेळी न सांगता, आणि नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. शिवाय एका दिवसाची लघवी त्या एका दिवसापुरतंच काय ते सांगते. लांब पळणाऱ्यांत जे ईपीओ नावाचं औषध बदनाम आहे, ते रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं. त्याचा माग शरीरातून काही दिवसांत पुसला जातो, वाढलेल्या पेशी मात्र काही आठवडे राहतात. म्हणून तर २००९पासून मोठ्या खेळाडूंच्या रक्ताची नोंद वर्षानुवर्षं ठेवायची पद्धत आली. खासगी लॅबचा कागद दाखवला तरी कुजबुजणारा म्हणणार, त्या दिवशी नसेल घेतलं.

मग त्यांनी खरा काटा बाहेर काढला. "वरचे सगळेच घेतात म्हणं. मोबाइलवर बघतो की मी."

सगळे घेत नाहीत, पण हा संशय हवेतून आलेला नाही, हे मी मान्य केलं. लंडन ऑलिंपिकमध्ये, २०१२ साली, महिलांच्या पंधराशे मीटरला पहिल्या आणि दुसऱ्या आलेल्या तुर्कस्तानच्या दोघींचीही पदकं पुढे काढून घेतली गेली. त्याच स्पर्धेत आठशे जिंकलेल्या रशियाच्या मारिया साविनोवाचं सुवर्णही गेलं. तीनदा जगज्जेता झालेला केनियाचा एस्बेल किप्रोप ईपीओत अडकला. आपल्याकडची गोमती मारिमुथू २०१९ला दोह्यात आठशे मीटरची आशियाई विजेती झाली, तेव्हा तिच्या गरिबीच्या बातम्या वाचून आपण सगळे गहिवरलो होतो. नंतर तिच्या नमुन्यात नॅन्ड्रोलोन नावाचं स्टेरॉइड निघालं, पदक गेलं, चार वर्षांची बंदी आली. दिल्लीत २०२३च्या सप्टेंबरमध्ये राज्य स्पर्धेला नाडाची माणसं आल्याचं कळताच खेळाडू पसार झाले आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकटाच पळाला. एवढं सगळं वाचल्यावर बापाच्या पोटात गोळा येणारच.

पण त्याच २०२३ सालातलं दुसरं एक नाव मी मुलीकडे बघून सांगितलं. पीटर बोल, ऑस्ट्रेलियाचा आठशे मीटरचा धावपटू, टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला. एकच नमुना ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत ठेवतात. जानेवारीत त्याच्या ‘ए’ नमुन्यात ईपीओ सापडल्याचं जाहीर झालं. जगभर नाव खराब झालं. ‘बी’ नमुन्यातून ते पक्कं झालं नाही, निलंबन उठलं आणि ऑगस्टमध्ये प्रकरणच बंद झालं. तोवर लोकांनी निकाल लावून टाकला होता. मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. "मग तो परत पळाला का?" पळाला, म्हटलं.

यानंतर मी वडिलांना घरातला प्रश्न बदलायला सांगितलं. "तू काही घेतेस का?" याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर असतं, आणि ‘नाही’वर विश्वास बसणार नसेल तर विचारून उपयोग काय? त्याऐवजी विचारा, "तुला कोण काय देतं?" आपल्याकडची पोरं बहुतेक वेळा स्वतः जाऊन काही विकत घेत नाहीत. त्यांना दिलं जातं. सर देतात, सीनियर देतात, कोपऱ्यावरचा डॉक्टर देतो, मावशी देते. आणि ती घेतात, कारण मोठ्या माणसानं दिलेलं नाकारायचं नसतं, हे आपणच त्यांना शिकवलेलं असतं.

वडिलांनी तिथंच विचारलं, जरा अवघडत. मुलगी बोटं मोडत सांगत गेली. लोहाच्या गोळ्या. वर्षभरापूर्वी तिचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होतं. शाळेतली निळी गोळी ती बाकाखाली टाकायची. नंतर चक्कर आली, डॉक्टरांनी रीतसर औषध दिलं, चार महिन्यांत ते बारावर गेलं. आठ सेकंदांतले बरेचसे सेकंद इथेच सापडले. रक्तात प्राणवायू वाहायला पुरेशा पेशी आल्या, म्हणून पोरगी दुसऱ्या फेरीत गळायची थांबली. लोहाच्या गोळीवर बंदी नाही. वडिलांचा चेहरा उजळला आणि मला वाटलं, बैठक आता संपवता येईल.

ती पुढं म्हणाली, "आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी सलाईन."

ओळखीच्या एका दवाखान्यात, उन्हाळ्यात अशक्तपणा येतो म्हणून, पाचशे मिलीची बाटली. वडीलच घेऊन जायचे. सोलापूरचा एप्रिल-मे ज्यानं काढलाय त्याला यात काही गैर वाटणार नाही. आपल्याकडे अंगात कणकण आली तरी लोक स्वतःहून सलाईन मागतात. पण जागतिक नियमाप्रमाणे बारा तासांत शंभर मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून चढवणं खेळाडूला मना आहे, मग बाटलीत नुसतं मीठपाणी का असेना. इस्पितळातला उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणी यांचाच काय तो अपवाद, नाहीतर आधी रीतसर परवानगी हवी. सॅक तपासणाऱ्या बापानं पोरीला स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून नियमभंगाला नेलं होतं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हाला कोण सांगतंय हे?" रास्त प्रश्न होता.

तिसरी वस्तू होती एक पावडर. व्यायामशाळेतल्या एका दादानं दिलेली, साध्या झिपच्या पुडीत, लेबल नसलेली. दुधातून घे, दमसास वाढतो, एवढीच माहिती. तिनं आठवडाभर घेतली, पोट बिघडलं म्हणून सोडली. त्यात काय होतं कुणास ठाऊक. भारताच्या चारशे मीटरच्या मुली २०११मध्ये स्टेरॉइडमध्ये सापडल्या, तेव्हा प्रशिक्षकानं दिलेल्या जिनसेंग या वनौषधीतून ते आलं असं त्यांचं म्हणणं होतं. आधी एक वर्षाची बंदी झाली, क्रीडा लवादानं ती दोन वर्षांवर नेली. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, देणारा कुणीही असो. हा नियम कठोर आहे. सतरा वर्षांच्या पोरीला तो अन्यायाचा वाटला आणि मी तिला तो पटवत बसले नाही. माहीत असणं पुरेसं आहे.

मुलीशी एकटीनं बोलले तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. शेजारच्या जिल्ह्यातली एक मुलगी तिला दरवेळी मागे टाकायची. "ती नक्की घेते," ही मोठ्या खात्रीनं म्हणाली. "कशावरून?" म्हटलं. "तिचे खांदे बघा ना." मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तीच हसली, मग रडली. ज्या दोघी मैत्रिणी हिच्याबद्दल बोलत होत्या, त्यांच्याकडेही पुरावा एवढाच होता.

त्या मैत्रिणींना काय सांगायचं, हा तिचा मुख्य प्रश्न होता. प्रत्येकीला हिमोग्लोबिनचा रिपोर्ट दाखवत फिरू नकोस, असं मी सांगितलं. एकच वाक्य ठरवलं: "नाडावाले येऊ देत, मी पहिली उभी राहीन." आणि त्यावर वाद घालायचा नाही. नमुना कसा घेतात, हेही सांगून टाकलं. बाई अधिकाऱ्यासमोर लघवी द्यायची असते, किमान नव्वद मिली, दोन बाटल्यांत. तिचं वय अठराच्या आत असल्यानं सोबत आपलं माणूस नेता येतं. हे कळल्यावर ती जास्तच घाबरली, पण हा धक्का स्पर्धेच्या ठिकाणी बसण्यापेक्षा माझ्या खोलीत बसलेला बरा.

घरी एक वही सुरू झाली. दोनशे पानी, नेहमीची. सरावाचं टायमिंग, घेतलेलं प्रत्येक औषध, कुणी दिलं, चिठ्ठीचा फोटो. नमुना देताना मागच्या सात दिवसांतली औषधं लिहून द्यायची असतात, तिथे तिचा उपयोग. सर्दीच्या गोळीतही स्पर्धेच्या दिवशी चालत नाही असं काही असू शकतं, म्हणून डॉक्टरांपुढे बसल्या बसल्या "मी खेळाडू आहे" म्हणायचं आणि गोळीचं नाव नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर बघायचं. वही आई लिहिते. तिचं अक्षर चांगलं आहे, आणि मुलीला वडिलांच्या हातात वही नको होती. तेवढा राग मी राहू दिला.

सरावाला ती पुढच्या सोमवारपासून गेली. राज्य स्पर्धेत पाचवी आली, २ मिनिटं १७. कुजबूज पूर्ण थांबलेली नाही.

गेल्या महिन्यात त्याच मैदानावरच्या एका मुलाची आई माझ्याकडे आली. पर्समधून तिनं झिपची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "ह्यात काय आहे, तुम्हाला कळतं का?" मला कळत नाही, म्हटलं. मुलाला विचारलंत का, कुणी दिली ते? नाही, ती म्हणाली, तो झोपलेला असताना उचलून आणलीय. पुडी आधी त्याच्यासमोर ठेवा, म्हटलं, आणि पुढच्या वेळी त्यालाच घेऊन या.