एकाच जीनोमवर विसंबू नकोस

द्राक्षाच्या जनुकांवर काम सुरू करतोयस, तर २००७ साली प्रसिद्ध झालेला संदर्भ जीनोम, म्हणजे तुलनेसाठी प्रमाण धरलेला डीएनएचा पूर्ण आराखडा, आधी नीट समजून घे. तो पीएन४००२४ या द्राक्षाच्या ओळीचा आहे; ती आधी पिनो न्वारपासून आलेली मानत, पण प्रत्यक्षात ती पिनो न्वारच्या संकरातून झालेल्या हेल्फेनस्टाइनर वाणापासून आली. आपल्या निफाड-दिंडोरीच्या बागांत मात्र थॉमसन सीडलेस आणि तिचे भाऊबंद. त्यामुळे एखादं जनुक त्या संदर्भात सापडलं नाही, तर ते आपल्या वाणात नाहीच असं लगेच लिहू नकोस.

रोगप्रतिकाराची जनुकं तर फार फसवी. ती एकमेकांसारखी असतात, गुणसूत्रावर घोळक्याने बसतात आणि डीएनएचे वाचलेले तुकडे जुळवून जीनोम उभा करताना एकात एक मिसळतात. अशा जागी मूळ वाचनं किती खोल आहेत, म्हणजे तीच जागा किती तुकड्यांत वाचली गेली, ते स्वतः बघ. खोली नेहमीच्या दुप्पट-तिप्पट दिसली, तर तिथे जनुकाच्या अनेक प्रती एकीतच दबल्या असण्याची शक्यता मोठी.

मस्कडाइन या अमेरिकन द्राक्षाशी तुलना जरूर कर. भुरी आणि केवडा या रोगांना रोखणारी रन१ आणि आरपीव्ही१ ही जनुकं तिथूनच आली, बाराव्या गुणसूत्रावरून. फक्त तिच्या गुणसूत्रांच्या जोड्या २०, आपल्या द्राक्षाच्या १९, हे जुळवणीत विसरू नकोस.

आणि ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत जा. पान उलटून केवडा बघ, बागायतदारांना काय नडतंय ते विचार. कोणती जनुकं आधी तपासायची, ते तिथेच ठरतं.