सहलीत घेतलेल्या लोकरीचे पुढे काय विणता, आणि सध्या तुमच्या सुयांवर काय आहे?

आपला प्रश्न असा आहे की, सुट्टीत फिरायला गेल्यावर हौसेने घेतलेली लोकर घरी आल्यावर कपाटात पडून राहते, तेव्हा इतर विणणाऱ्या मंडळींनी यंदा कोणती लोकर आणली आणि त्यांचे सध्या काय विणणे चालले आहे. मी नाशिकला राहते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कुल्लू-मनालीला गेलो होतो आणि तिथून मी दोन प्रकारची लोकर आणली. एक तिथल्या मेंढ्यांची, न रंगवलेली, करड्या रंगाची; दुसरी मेंढीच्या लोकरीत अंगोरा सशाचे केस मिसळून कातलेली. दोन्हींचे काय करायचे हे मी दुकानातच ठरवले होते, आणि माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ नेमके तिथेच आहे. रंग पाहून घेतलेली लोकर पडून राहते; लांबी, पोत आणि आपल्या गावची थंडी पाहून घेतलेली लोकर सुयांवर चढते.

नाशिकची थंडी कोरडी असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो, निफाडला तर काही वर्षी पारा 5 अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षबागायतदार बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. पण दुपारी बाराला उन्हात उभे राहिले की अंगावरचा स्वेटर नकोसा होतो. म्हणून इथे जाड, पूर्ण बाह्यांचा पुलओव्हर फारसा वापरला जात नाही. सहज काढून ठेवता येईल अशी शाल, बिनबाह्यांचा स्वेटर, कानटोपी आणि मोजे हेच खरे उपयोगाचे. डोंगरातल्या बाजारात कडाक्याच्या थंडीत उभे राहून खरेदी करताना याचा विसर पडतो, आणि हिमाचलच्या हिवाळ्याला शोभेल अशी जाड लोकर आपण पिशवीत भरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे लांबी. लोकर वजनावर विकली जाते, पण विणायला लागते ती लांबी. चार पदरी बारीक लोकर 100 ग्रॅममध्ये साधारण 400 मीटर भरते आणि तेवढ्यात मोठ्या माणसाच्या मोज्यांची एक जोडी होते. जाड लोकरीच्या तेवढ्याच वजनात याच्या निम्मी लांबीही मिळेलच असे नाही. डोंगरातल्या लडींवर बहुधा कागदच नसतो. अशा वेळी मी लडी उलगडून तिच्या एका वेढ्याची लांबी मोजते आणि वेढे किती आहेत ते मोजून गुणाकार करते. दीड मीटरचा वेढा आणि असे 200 वेढे असतील, तर 300 मीटर झाले. जाडी पाहण्यासाठी धागा न ताणता पेन्सिलीवर शेजारी शेजारी गुंडाळावा. एका इंचात साधारण बारा वेढे बसले तर आठ नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुईचे काम, आणि चौदा किंवा अधिक बसले तर दहा नंबरच्या, म्हणजे 3.25 मिलिमीटरच्या सुईचे काम समजावे. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीने चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. परदेशी नमुने मिलिमीटरमध्ये लिहिलेले असतात, तेव्हा हे जमवून घ्यावे लागते. आपण उटीला जाणार असाल, तर आपल्या सर्वांच्या घरी असलेल्या पोनीच्या सुया तिथून जवळच केट्टी इथल्या कारखान्यात तयार होतात, हे जाता जाता सांगते.

आता पोत. धाग्यातले केस साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असले की त्यांची टोके कातडीला टोचतात. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर याहून पुष्कळ बारीक असते, म्हणून ती मऊ लागते; आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि केसाळ, म्हणून ती घोंगडीला उत्तम, गळ्याशी मात्र नको. लोकर घेताना ती हाताला लावून पाहण्यात अर्थ नाही, कारण तळहाताची कातडी राठ असते. हनुवटीखाली, मानेला लावून पाहावी. मी आणलेली करडी लोकर मानेला थोडी बोचते, पण कपड्यांवरून घ्यायच्या शालीला ती चालते, आणि तिचा जो नैसर्गिक, किंचित असमान रंग आहे तो कोणत्याही रंगाऱ्याला साधणार नाही.

अंगोराबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे अनेकांची निराशा होते. अंगोरा सशाचा केस अतिशय बारीक असतो आणि आतून पोकळ असतो, त्यामुळे तो हलका आणि फार उबदार असतो. कुल्लू जिल्ह्यात गडसा इथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे उपकेंद्र आहे आणि या सशांवर तिथे काम चालते. पण या केसाला लवचीकपणा नाही. निव्वळ अंगोराची एक सुलट एक उलट अशी बॉर्डर विणली, तर ती सैल पडते आणि परत आवळत नाही. मेंढीच्या लोकरीचे मिश्रण असेल, तरच कानटोपी डोक्यावर नीट बसते. शिवाय तिचे केस झडतात, म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठी ती मी कधीही वापरणार नाही.

पश्मिना म्हणून रस्त्यावर जे स्वस्तात विकले जाते, त्यापासून सावध राहावे. खरी पश्मिना लडाखच्या चांगथांगमधल्या शेळ्यांची, 12 ते 16 मायक्रॉनची, आणि ती स्वस्त असूच शकत नाही. दुकानदाराची परवानगी घेऊन धाग्याचा लहानसा तुकडा जाळून पाहता येतो. लोकर किंवा पश्मिना जळताना केस जळाल्यासारखा वास येतो, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरडली जाते. ॲक्रेलिक वितळते आणि त्याचा कडक मणी उरतो; व्हिस्कोज कागदासारखे जळते.

सध्या माझ्या सुयांवर तीन कामे आहेत. पहिले म्हणजे करड्या लोकरीची त्रिकोणी शाल. ती मानेच्या मध्यापासून सुरू करून एक सुई, म्हणजे एक ओळ, आड चार टाके वाढवत विणायची असल्यामुळे ओळी लांब लांब होत जातात, आणि लोकर पुरेल की नाही याची धास्ती असते. इथे स्वयंपाकघरातला वजनकाटा फार उपयोगी पडतो. अर्धी लोकर संपते, तेव्हा शालीची उंची निम्मी झालेली नसते, ती सुमारे 70 टक्के झालेली असते, कारण क्षेत्रफळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पाच-सहा ग्रॅम शिल्लक राहावेत या बेताने टाके बंद करायला घ्यावेत. शेवटची सुई सैल हातानेच बंद करावी, नाहीतर कड आखडते.

दुसरे काम म्हणजे अंगोरा मिश्रणाची वडिलांसाठी कानटोपी. ते पहाटे गोदाकाठी फिरायला जातात. वीण अगदी साधी ठेवली आहे, कारण अंगोराच्या लवेत वेणीची किंवा जाळीची वीण दिसतच नाही.

तिसरे, आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचे, म्हणजे भाचीच्या बाळासाठी बाळंतविडा: टोपडे, मोजे आणि पुढून उघडणारा लहान स्वेटर. त्याला मी मुद्दाम सहलीतली लोकर घेतली नाही, मेन रोडवरून बाळांसाठीची मऊ ॲक्रेलिक घेतली, कारण बाळाचे कपडे रोज धुवावे लागतात आणि आटणारी लोकर तिथे आईला त्रासच देते. लोकरीच्या सर्व गुंड्या एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, आहेत ना, हे कागदावर पाहून घेतले. लॉट बदलला की तोच रंग उन्हात वेगळा दिसतो. टोपड्याला लांब बंद लावू नयेत, ते गळ्याभोवती अडकण्याची भीती असते. मी आखूड पट्टी आणि एक बटण लावणार आहे.

आपल्या कपाटातल्या लोकरीविषयी एवढेच सुचवते की, तिला कसर लागली नाही ना हे आधी पाहावे, लडी रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता बुडवून, न पिळता, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवाव्यात, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे लांबी मोजून कागदावर लिहून लडीला बांधावी. 150 ते 200 मीटर मध्यम जाडीची लोकर असेल, तर कानटोपी होईल; बारीक 400 मीटर असेल, तर हलकी शाल. सुरू करण्यापूर्वी 10 सेंटिमीटरचा चौरस तुकडा विणून, धुऊन, मगच टाके मोजावेत. तुकड्याचे टाके आणि लोकरीची लांबी इथे कळवलीत, तर किती टाके घालायचे ते मी आनंदाने काढून देईन.