सोलापूरच्या थंडीत पेट्या गुंडाळू नका, माशी वाढवा

दादा, तुम्ही विचारलंय की मोहोळ तालुक्याकडं मेलीफेरा म्हणजे युरोपियन मधमाशीच्या १० पेट्या घेतल्यात आणि थंडी आली, तर व्हिडिओत दाखवतात तसं पोत्यांनी गुंडाळून साखर भरून ठेवायच्या का. नका ठेवू. ते व्हिडिओ बर्फाच्या मुलखातले, तिकडं कडाक्याची थंडी आणि महिनोन्महिने फूल नसतं म्हणून माशी आत गोळा होऊन बसते. आपल्याकडं पहाटे १२-१४ डिग्री आणि दुपारी ३० च्या आसपास, त्यात शिवारात तूर, मग ज्वारीचा पराग, करडई, कांदा बियाण्याचे गोंडे... आपला खरा वाईट काळ उन्हाळा आणि पावसाळा. पहिल्या वर्षी मी पण प्लास्टिक गुंडाळलं होतं, आठ दिवसांनी झाकण उघडलं तर आतनं पाणी ठिबकत होतं आणि कडेच्या दोन पोळ्यांवर पांढरी बुरशी. माशी ब्रूड म्हणजे अंडी-अळ्या-कोष ३४-३५ डिग्रीवर स्वतःच ठेवते, फक्त तेवढी माशी पेटीत पाहिजे.

म्हणून सगळा खेळ तारखेचा आहे. अंड्यातनं कामकरी माशी निघायला २१ दिवस, त्यानंतर साधारण तीन आठवडे ती आतलीच कामं करते आणि मग फुलावर जाते. म्हणजे करडई डिसेंबरच्या शेवटी फुलणार असेल तर त्या फुलावर जाणारी माशी नोव्हेंबरच्या मध्यात अंड्यात असायला हवी. दिवाळीच्या आसपासच निम्मी साखर निम्मं पाणी असा पातळ पाक सुरू करा, रोज थोडा, आणि द्यायचा तो अंधार पडताना, दिवसा दिला की शेजारच्या पेट्यांची माशी लुटायला येते आणि कमजोर पेटी एका दुपारीत संपते. फूल लागलं की पाक बंद म्हणजे बंद, नाहीतर मधात साखर जाते आणि तो मध म्हणून विकायचा हक्क आपल्याला राहत नाही.

पाक सुरू करायच्या आधी प्रत्येक पेटी उघडून बघा. चार फ्रेमपेक्षा (फ्रेम म्हणजे पोळ्याची लाकडी चौकट) कमी माशी असेल तर ती पेटी जपत बसू नका, तिची राणी काढा आणि शेजारच्या चांगल्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद टाकून, त्याला सुईनं चार-सहा भोकं पाडून, वर कमजोर पेटीची कोठी म्हणजे फ्रेम असलेला खण ठेवा. दोन दिवसांत माश्या कागद कुरतडतात, तोवर वास एक झालेला असतो त्यामुळं मारामारी होत नाही. सकाळी दारात कागदाचा भुसा पडलेला दिसला की समजा जमलं. जीवावर येतं, मलाही आलं होतं, पण १० अर्धवट पेट्यांपेक्षा ७ भरलेल्या पेट्या जास्त मध देतात.

रिकाम्या फ्रेम आत ठेवायच्या नाहीत, पोळ्याचं मेण खाणारा मेणकिडा तिथनंच सुरू होतो. माशी जेवढ्या फ्रेमवर आहे तेवढ्याच ठेवा, बाजूला डमी बोर्ड म्हणजे रिकामी जागा झाकणारी फळी. दार लहान करा, तोंड पूर्व-आग्नेयेला म्हणजे सकाळचं ऊन लवकर मिळतं. स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या कधीच सुट्टी घेत नाहीत. व्हरोआ म्हणजे माशीवरची कोळी-कीड असेल तर औषध आत्ताच, मधकोठी म्हणजे मधासाठीचा वरचा खण चढवल्यावर काही टाकायचं नाही.

आणि सगळ्यात मोठा धोका थंडी नाही, फवारणी आहे. डिसेंबरात ढगाळ वातावरण आलं की करडईवर मावा पडतो आणि शेतकरी सकाळीच पंप घेऊन निघतात. एका वर्षी दुपारपर्यंत माझ्या पेट्यांसमोर माश्यांचा खच पडला होता, जीभ बाहेर काढून फिरत मरत होत्या, ते बघवत नाही. तेव्हापासून मी पेट्या ठेवायच्या आधी आजूबाजूच्या प्रत्येक बांधावर जाऊन नंबर देऊन येतो, फवारा तर संध्याकाळी आणि आदल्या दिवशी एक फोन करा. माशी असली की कांद्याचं बी चांगलं भरतं हे सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. फोन आला तर रात्री सगळी माशी आत गेल्यावर दार जाळीनं बंद करा, हवा खेळती राहू द्या आणि पेट्या तीन किलोमीटरच्या पुढं हलवा, त्यापेक्षा जवळ नेल्या की माशी जुन्या जागेवर परत येते.

या रविवारी उघडून प्रत्येक पेटीत किती फ्रेमवर माशी आणि किती फ्रेमवर ब्रूड आहे ते लिहून कळवा, मग कुठल्या एकत्र करायच्या ते ठरवू.