दुखणं मुलाचं, बोलावणं सगळ्यांना?

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. शाळेच्या वेळीच त्याचं पोट दुखतं. तपासण्यांत काही निघालं नाही. समुपदेशकांनी मला, यजमानांना आणि सासूबाईंनाही बोलावलंय. आमचं काही चुकलं का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, चूक शोधायला नाही बोलावलेलं. आणि त्याचं दुखणं खरं आहे, ते नाटक समजू नका. तुम्ही ओझरतं लिहिलंय, की यजमानांशी बोलणं जवळपास बंद आहे, पण पोट दुखलं की दोघं मिळून दवाखाना गाठता. मी त्या ओळीवर थांबले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन याला त्रिकोण म्हणत : दोघांतला ताण वाढला की तिसरा आत ओढला जातो. मुलगा हे ठरवून करत नाही. म्हणून समुपदेशक विचारतील, दुखल्यावर आधी कोण धावतं, कोण गप्प होतं, आजी काय म्हणते. कदाचित तुम्हा दोघांना त्याच्याशिवाय समोरासमोर बसवतील. घरच्यांना उपचारात सोबत घेणं नवं नाही : अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच नातेवाइकांना रुग्णांसोबत आवारात तंबूत राहायला बोलावलं होतं. सासूबाईंना जरूर न्या. आणि शाळेत कुणी छळतं का, तेही मुलाला विचारा. सगळंच घरातून येतं असं नाही.