आयर्विनला किती फूट?

"मी नर्स आहे, तरी पावसाळा नुसता जवळ आला की माझी झोप उडते. अशा बाईने वॉर्डात उभे राहावे का?" फेब्रुवारी २०२१ मध्ये समुपदेशनासाठी आलेल्या सांगलीच्या एका स्टाफ नर्सने मला हे विचारले. पूरपट्ट्यातल्या इतर परिचारिकाही हेच वेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून ओळखीचे तपशील बदलून ही हकिकत लिहीत आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुढच्या पाळीची नर्स (रिलीव्हर) पोचू न शकल्यामुळे सिस्टर तीन दिवस रुग्णालयातच अडकल्या. गावभागातल्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, सहा वर्षांचा मुलगा आणि इन्सुलिनवर असलेल्या सासूबाई होत्या. पती नोकरीसाठी पुण्याला होते आणि घरचा फोन लागत नव्हता. पुढे सिस्टरांचा सत्कार झाला. "त्या शालीची घडी मी अजून मोडलेली नाही," असे त्या म्हणाल्या.

पहिल्या भेटीत मी त्यांना दीर्घ श्वसनाचा सराव शिकवला. त्यांनी तो नीट केला आणि विचारले, "मॅडम, श्वास घेऊन आईंना जिना उतरवता येतो का?" त्या प्रश्नाने माझेच डोळे उघडले. त्यांची भीती हा मनाचा दुबळेपणा नव्हता; घरी कोणी, केव्हा, काय करायचे याचे उत्तर ठरलेले नव्हते आणि ते न ठरलेले उत्तर त्या रोज रात्री शोधत होत्या.

कृष्णेचा पूर भूकंपासारखा अवचित येत नाही. कोयना धरणातून सोडलेले पाणी सांगलीला पोचायला बरेच तास लागतात, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट असल्याचे तिथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. म्हणून पुढच्या भेटीला पती आणि सासूबाईंना बोलावून आम्ही एकच आकडा ठरवला: ३५ फूट. पाणी तिथे आले की कोणाच्याही फोनची वाट न पाहता सासूबाई आणि मुलगा मिरजेला नणंदेकडे जातील आणि नेण्याची जबाबदारी शेजारच्या रिक्षावाल्या काकांची. सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली आणि खाली इन्सुलिनचा थर्मास कुठे आहे तेही लिहिले. मेट्रननेही (मुख्य परिचारिकेनेही) पुराच्या वेळी ड्यूटीच्या पहिल्या तुकडीत कोण आणि दुसरीत कोण, ही यादी मे महिन्यातच करायचे मान्य केले. ज्यांचे घर पूररेषेत आहे त्यांना दुसऱ्या तुकडीत ठेवणे ही सवलत नसून नियोजन आहे, हे पटवायला मात्र वेळ लागला.

नियोजनाने सगळे मिटले नाही. ओल्या भिंतीचा वास आला की त्यांचे हात थरथरत, आणि त्यासाठी पुढे सहा भेटी लागल्या. अशी लक्षणे महिन्याहून अधिक टिकून कामात अडथळा आणत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावे. आता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

जुलै २०२१ मध्ये कृष्णेने धोक्याची पातळी पुन्हा ओलांडली. त्या दिवशी दुसऱ्या तुकडीसाठी निघताना सिस्टरांनी मला फोन केला. पोटात गोळा आला आहे, हे त्यांनी आधी सांगितले, आणि मग म्हणाल्या, "आई कालच मिरजेला गेल्या. थर्मास मात्र विसरल्या. काका परत जाऊन घेऊन आले."