लहान मुलांना नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय दाखवताना ती कंटाळू नयेत म्हणून काय करावं?

तुमची मुलं ५ आणि ८ वर्षांची, आणि मागच्या वेळी अर्ध्या तासात ‘घरी चला’ सुरू झालं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या दोघांनी पहिल्या खेपेला वीसच मिनिटं काढली होती, तेव्हा तुमचं बरंच बरं म्हणायचं.

चूक माझीच होती. आलोच आहोत तर सगळं बघायचं, या हट्टापायी मी त्यांना खनिजांपासून फुलपाखरांपर्यंत ओढत नेलं आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. आता एका खेपेला एकच दालन, आणि ते बहुतेकदा सांगाड्यांचं.

सांगाड्यांचं अशासाठी की तिथे मुलांना स्वतःचं अंग चाचपून बघता येतं. जिराफासमोर उभं करा आणि त्याच्या मानेचे मणके मोजायला सांगा. सातच भरतात. मग मुलांना मान खाली घालायला लावा. मानेच्या मुळाशी जे टेंगूळ हाताला लागतं, तो बहुतेकांचा सातवा मणका. उंदराला सात, देवमाशालाही सातच. स्लॉथ आणि मॅनाटीसारखे मोजके अपवाद सोडले तर सगळ्या सस्तन प्राण्यांचं हेच. हे कळल्यावर माझ्या मुलानं त्या दालनातली एकूण एक मान मोजली. माझे पाय भरून आले, पण तो हलेना.

हत्तीची कवटी असेल तर चुकवू नका. माझी धाकटी तिच्यासमोर थबकली आणि म्हणाली, “याला एकच डोळा होता?” कपाळाच्या मधोमध भलंमोठं भोक असतं खरं. मी लगेच सांगितलं नाही. “हत्तीचं सगळ्यात लांब काय असतं?” एवढंच विचारलं. ती जरा वेळ बघत राहिली, मग तिचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला. डोळ्यांच्या खाचा बाजूला असतात, त्या तिनेच शोधल्या.

“हे खरं आहे का?” हा प्रश्न येणारच. तिथे थापा मारू नका. डायनासोरचे बरेच सांगाडे साच्यातून काढलेल्या प्रतिकृती असतात. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा ‘डिपी’ नावाचा प्रसिद्ध डायनासोरचा सांगाडा १९०५ पासून लोकांनी डोळे भरून पाहिला, आणि तो प्लास्टरचा आहे. शिकागोच्या ‘स्यू’ या टी-रेक्सची बहुतेक हाडं अस्सल, पण धडावरचं डोकं मात्र नकली. अस्सल कवटी इतकी जड आहे की ती वेगळ्या पेटीत ठेवावी लागते. मला वाटलं होतं हे ऐकून मुलांचा विरस होईल, पण उलट ती प्रत्येक हाड संशयानं निरखायला लागली.

पेंढा भरलेल्या प्राण्यांपाशी वेगळाच पेच. “याला कोणी मारलं?” जुन्या संग्रहांमधले बरेच प्राणी शिकारीतले असतात, हे मी सरळ सांगते. कातडी खरी, डोळे काचेचे. लहान मूल घाबरलं तर ते डोळे दाखवा. नाहीच जमलं तर पुढे चला, जबरदस्ती नको.

बाकी साध्या गोष्टी. दार उघडताच पोचा, म्हणजे शाळांच्या सहली यायच्या आत मोकळं बघता येतं. आधी स्वच्छतागृह. आठ वर्षांच्याला वही-पेन्सिल द्या, फोटोपेक्षा चित्र काढताना नजर जास्त वेळ टिकते. खेळण्यांच्या दुकानात जायचं की नाही, हे आत शिरण्याआधीच ठरवा.

आणि तरी चुळबूळ सुरू झालीच, तर कोप्रोलाइट शोधा. पाटीवर नाव भारदस्त असतं. तुम्ही फक्त हळूच सांगा, की ही दगड झालेली शी आहे. आमच्याकडे त्यानंतर पंधरा मिनिटं कोणी घराचं नाव काढलं नव्हतं.